थेंब घालून दाखवल्याशिवाय डिस्चार्ज नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल वर्तमानपत्रांत बरंच छापून येतं. लेन्स कोणती, मशीन कोणतं, टाका पडतो की नाही. मी नेत्रविभागात परिचारिका आहे आणि मला लिहायचंय ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल. मोतीबिंदूचं ऑपरेशन बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत होतं. नंतर काही आठवडे थेंब घालायचे असतात, तेही घरी. ते कसे घालायचे हे शिकवायला मात्र डिस्चार्जच्या गडबडीत कुणाकडे वेळ नसतो. एका डोळ्यावर शील्ड, दुसऱ्या डोळ्यातही बहुधा मोतीबिंदू, जवळचा चष्मा पिशवीत, अशा माणसाच्या हातात बारीक अक्षरांचा कागद दिला जातो आणि ‘यात सगळं लिहिलंय’ म्हणून त्याला पाठवलं जातं.

मी जमेल तेव्हा एक करते. साध्या कृत्रिम अश्रूंची बाटली हातात देते आणि म्हणते, “आजी, दुसऱ्या डोळ्यात घालून दाखवा बरं.” मग खरं काय ते दिसतं. मान पुरेशी मागे जात नाही. बाटली जवळ आली की डोळा आपोआप मिटतो आणि थेंब गालावर पडतो. म्हणून बाटली आणखी खाली येते, तिचं तोंड पापणीच्या केसांना टेकतं आणि जंतू थेट बाटलीत जातात. ‘पडला की नाही कोण जाणे’ म्हणून वर आणखी दोन थेंब. खालच्या पापणीच्या खोबणीत जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतं, आणि बाटलीतून पडणारा एक थेंब बऱ्याचदा त्याहून मोठाच असतो. म्हणजे दुसरा थेंब नुसता वाहून जातो आणि बाटली लवकर संपते. औषधं दोन असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्यावी लागतात, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. मलम असेल तर ते सगळ्यांत शेवटी.

हात थरथरत असेल तर वेगळी रीत आहे. उताणं झोपायचं, डोळा मिटायचा, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा आणि मग डोळा उघडायचा. औषध आपोआप आत उतरतं. हे कळल्यावर कितीतरी एकट्या राहणाऱ्या माणसांचा जीव भांड्यात पडलेला मी पाहिलाय.

काचबिंदूच्या रुग्णांना तर हे शिकवायलाच हवं, कारण त्यांचे थेंब सहसा जन्मभराचे. टिमोलॉलसारखं औषध अश्रूंच्या वाटेने नाकात आणि तिथून रक्तात जातं. दमा असलेल्याला त्याने धाप लागू शकते, नाडी मंद होऊ शकते. म्हणून दम्याचं आधी विचारायचं, आणि थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने दाबून धरायला लावायचं. स्टिरॉइडच्या थेंबांचंही तसंच. ‘डोळा छान वाटतो’ म्हणून कुणी मध्येच बंद करतं, कुणी दुकानातून आणून घालतच राहतं. त्याने डोळ्यातला दाब वाढला तरी बरेचदा काही दुखत नाही, आणि नजर जायला लागली की कळतं.

पडद्याच्या ऑपरेशनमध्ये कधी डोळ्यात गॅस भरतात आणि काही दिवस तोंड खाली ठेवून राहायला सांगतात. नुसतं ‘पालथे झोपा’ म्हटलं की रात्री माणूस कुशीवर वळतोच. गॅसचा फुगा वर चढतो, पडद्याचं भोक डोळ्याच्या मागच्या बाजूला आहे, तोंड खाली असलं तरच फुगा तिथे टेकतो, एवढं सांगितलं की तोच माणूस मान अवघडली तरी नेटाने राहतो. गॅस विरेपर्यंत विमानप्रवास करायचा नाही, हेही त्याच वेळी सांगावं लागतं.

माझं मागणं साधं आहे. डिस्चार्जच्या कागदावर एक रकाना हवा: ‘रुग्णाने किंवा नातेवाइकाने थेंब घालून दाखवले.’ त्याखाली परिचारिकेची सही. सही नसेल तर डिस्चार्ज नको. आणि शिकवायचं ते बिल भरायला आलेल्याला नाही, जो घरी खरोखर थेंब घालणार आहे त्याला. सूचना मोठ्या अक्षरांत हव्यात. दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा नजर कमी झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यायचं, ही ओळ सगळ्यांत वर. या कामासाठी एक परिचारिका मोकळी ठेवावी लागेल, हे मला ठाऊक आहे. ती ठेवावी. ऑपरेशन थिएटरला माणूस कमी पडू देत नाहीत, तसंच इथेही.

तोवर वाचकांपैकी कुणाच्या घरी डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं असेल, तर निघताना सिस्टरना थांबवा आणि त्यांच्यासमोर एक थेंब घालून दाखवा. मागे रांग असली तरी थांबवा.

आपली,
नेत्रविभागातील एक परिचारिका