उंदरांचा गंध आणि माणसांचे अत्तर

रविवारच्या पुरवणीतील गंध आणि आकर्षणावरचा लेख वाचला. उंदरांवरील प्रयोगांची माहिती चांगली आहे; पण तिथून थेट 'फेरोमोन' (प्राणी एकमेकांना संकेत देण्यासाठी सोडतात ती द्रव्ये) अत्तरांच्या शिफारशीवर मारलेली उडी पटली नाही. वृषण काढलेल्या नर उंदराची माजावरील मादीच्या वासाची ओढ ओसरते, टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक दिल्यावर ती बहुतांशी परतते. म्हणजे नुसता वास पुरत नाही. मेंदूही संप्रेरकांनी तयार व्हावा लागतो. शिवाय असे गंध टिपणारे उंदराच्या नाकातले खास इंद्रिय माणसात जवळपास निकामी आहे. (म्हशीचे मूत्र हुंगून वरचा ओठ उचलणारा रेडा आपल्याकडे सर्वांनी पाहिलेला असतो, तो हेच इंद्रिय वापरतो.) कराडच्या दुकानांत अशा बाटल्यांची चौकशी करणारी कॉलेजची मुले मी पाहतो. त्यांच्यासाठी तरी पुढच्या अंकात एवढा खुलासा छापावा.

— जीवशास्त्राचा एक शिक्षक, कराड (जि. सातारा)