शेवटच्या आजारात छाती दाबण्याआधी घरच्यांशी बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत बरीच वर्षं आयसीयूत सिस्टर होते, आता रिटायर आहे. तासगाव, जत, अगदी अथणीकडनं पण पेशंट मिरजेला येतात, त्यातले कितीतरी कॅन्सरच्या शेवटच्या स्टेजचे, नाहीतर किडनी-लिव्हर सगळंच थकलेले. अशा पेशंटचं हृदय थांबलं की बाहेर बाकावर बसलेला मुलगा हात जोडून म्हणतो, डॉक्टर काय लागेल ते करा, पैशाचं बघू नका. आत काय चालतं ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मी सांगते. पाठीखाली फळी सरकवतात, माझ्यासारखी बुटकी सिस्टर असली तर स्टुलावर चढते, आणि छातीच्या मधोमध तळहात रोवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी ५ सेंटिमीटर तरी खोल दाबायचं, हळू दाबून उपयोग नसतो. ऐंशीच्या आजीची बरगडी मोडली की आपल्या हाताला कळतं, तरी थांबायचं नाही. तिकडं घशात नळी, दर ३ ते ५ मिनिटाला हृदय चालू व्हावं म्हणून ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन, नळीतनं कधी रक्ताचा फेस. एवढं करून ठोके आले तरी मूळ आजार तिथंच, मग व्हेंटिलेटर, हात पलंगाला बांधलेले, आणि बऱ्याचदा एक-दोन दिवसात परत तेच.

गैरसमज नको. शॉक लागलेला, बुडालेला, अचानक अटॅक आलेला माणूस असेल तर सीपीआर, म्हणजे हे छाती दाबणं, केलंच पाहिजे, एसटी स्टँडवर सुद्धा शिकवा. १९६० साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली ती अशा अचानक थांबलेल्या हृदयासाठीच.

डॉक्टरांची पण अडचण असते, घरचे सगळे तयार असतात आणि ऐनवेळी पुण्याचा पुतण्या येऊन आरडाओरडा करतो (हा पुतण्या प्रत्येक घरात असतो बघा), मग तोडफोडीच्या भीतीनं नुसतं दाखवायला छाती दाबली जाते. म्हणून बोलणं आधी व्हायला पाहिजे, ॲडमिट करतानाच, साध्या मराठीत, आणि ठरलं ते फाईलवर लिहून. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेनं २०२० मध्ये याच्या गाइडलाइन्स दिल्यात. सीपीआर नको म्हणजे औषधपाणी बंद असं नाही, दुखणं कमी करणं, ऑक्सिजन, अंग पुसणं हे सगळं चालूच राहतं.

पेशंटला स्वतःला पण आधी लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली, तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतात. एक कॉपी महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडं द्यायची असते. आपल्या पेपरनं वाढदिवसाच्या जाहिरातींतनं जरा जागा काढून याचा नमुना छापावा, आणि आपल्या जिल्ह्यात हा कागद नेमका कुठल्या टेबलावर घेतात तेही विचारून छापावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज