साथ विषाणूची, मारा अँटिबायोटिकचा

महोदय,

हवा बदलली आणि घरोघरी सर्दी-तापाची साथ आली की, ‘कोरोनात दिली होती तीच पाचशेची गोळी द्या’ अशी मागणी मेडिकलच्या दुकानात आजही सर्रास ऐकू येते. ही गोळी अ‍ॅझिथ्रोमायसिनची. ती जिवाणूंवर चालते, आणि कोरोना हा विषाणू. तरीही जून ते सप्टेंबर 2020 या चार महिन्यांत भारतात अँटिबायोटिकच्या सुमारे 21.6 कोटी मात्रा अपेक्षेपेक्षा जास्त खपल्या व त्यांतील सुमारे 3.8 कोटी एकट्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या होत्या, असा अंदाज औषधविक्रीच्या आकडेवारीवरून संशोधकांनी काढला आहे.

पहिल्या लाटेतील डॉक्टरांना मी दोष देणार नाही. 1918 च्या इन्फ्लुएन्झात बहुतेक बळी विषाणूमागून आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने घेतले होते, त्यामुळे ती धास्ती निराधार नव्हती. परंतु ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत सात हजारांहून अधिक रुग्णांवरील अभ्यासातून कोविडवर अ‍ॅझिथ्रोमायसिनचा उपयोग होत नाही, हे 2021 च्या फेब्रुवारीपर्यंत प्रसिद्ध झाले होते. एप्रिल-मेमधील दुसऱ्या लाटेतही चिठ्ठ्यांवर तेच नाव येत राहिले, याचे समर्थन मला करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 65 देशांतील साडेचार लाख रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णांपैकी जेमतेम 8 टक्क्यांना जिवाणूसंसर्ग होता, आणि अँटिबायोटिक मिळाली होती सुमारे 75 टक्क्यांना.

अनावश्यक गोळीने नुकसान कसे होते, हे रुग्णाला दिसत नाही. आतड्यातील औषधाला बळी पडणारे जिवाणू मरतात, दाद न देणारे उरतात, मोकळ्या जागेत फोफावतात आणि प्रतिकाराची जनुके शेजारच्या जिवाणूंनाही देऊन टाकतात. असा रुग्ण अतिदक्षता विभागात गेला, श्वासनलिकेत नळी, शिरेत कॅथेटर, अंगात स्टेरॉइड, आणि एका परिचारिकेकडे नेहमीच्या दुपटी-तिपटीने खाटा अशी वेळ आली, म्हणजे तेच हातमोजे पुढच्या रुग्णाकडे जाणारच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जाळ्यातील 10 रुग्णालयांतील 17,534 कोविड रुग्णांच्या पाहणीत असा नंतरचा संसर्ग 3.6 टक्क्यांनाच झाला होता. मात्र त्यांतील 56.7 टक्के दगावले, तर एकूण दाखल रुग्णांत हे प्रमाण 10.6 टक्के होते. हे रुग्ण मुळातच अत्यवस्थ होते, हे मान्य करूनही तफावत मोठी आहे. त्यांच्यात प्रामुख्याने क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे जिवाणू सापडले. प्रयोगशाळेत यांची कल्चर प्लेट, म्हणजे जिवाणू वाढवलेली बशी, पाहिलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही: तीत ठेवलेल्या औषधाच्या चकतीभोवती जिवाणू मरून स्वच्छ वलय दिसायला हवे, तिथे थेट कडेपर्यंत जिवाणूंचा दाट थर असतो, एकीमागून एक चकत्या तशाच, आणि शेवटी मूत्रपिंडाला अपाय करू शकणाऱ्या कोलिस्टिनसारख्या जुन्या औषधाकडे वळावे लागते.

अमेरिकेत 2020 मध्ये बाह्यरुग्णांना दिली जाणारी अँटिबायोटिक घटली, पण रुग्णालयांत जडणारे प्रतिरोधक, म्हणजे औषधाला दाद न देणारे, संसर्ग आणि त्यांचे मृत्यू दोन्ही किमान 15 टक्क्यांनी वाढले. आपल्याकडे बाह्यरुग्ण आणि रुग्णालय ही दोन्ही दारे उघडी होती. शिवाय आपल्या भागातील विषमज्वर (टायफॉइड) सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला फारशी दाद देत नसल्यामुळे अ‍ॅझिथ्रोमायसिन हे त्यावरच्या मोजक्या तोंडी औषधांपैकी एक आहे. तेही आपण सर्दीवर उधळत आहोत.

अँटिबायोटिक लिहिताना तिचे कारणही चिठ्ठीवर नमूद करावे, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जानेवारी 2024 मध्ये डॉक्टरांना कळवले आहे. माझ्या पाहण्यात तरी अशी चिठ्ठी विरळाच येते. राज्य शासनाने निदान आपल्या रुग्णालयांत हे बंधनकारक करावे आणि कोणत्या जिवाणूवर कोणते औषध किती टक्के चालते, याचा तक्ता प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने दरवर्षी प्रसिद्ध करावा. पुढच्या विषाणूसाथीत घरी राहणाऱ्यांसाठी गोळ्यांचे संच वाटायची वेळ आलीच, तर पॅरासिटामॉल, तापमापक आणि ऑक्सिमीटर द्यावा. अँटिबायोटिक मात्र डॉक्टरांनी रुग्ण तपासल्यावरच मिळावी, हे त्या संचाच्या आदेशातच लिहिलेले असावे.

– एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्र अध्यापक, मिरज