तेल गळतंय म्हणून तेल कमी करू नकोस

मालवण, जानेवारी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि तुझ्या स्नोमोबाइलचे, म्हणजे त्या बर्फावर पळणाऱ्या गाडीचे, फोटो मिळाले. बॉनेटखाली साचलेलं काळं तेल बघून इंजिन खोलायला द्यायचा विचार करतोयस, असं लिहिलंस. जरा थांब, आधी हे पत्र पुरतं वाच. स्नोमोबाइल मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, पण टू-स्ट्रोक इंजिन बर्फावर पळो, मालवण-कुडाळ रस्त्यावर पळो की होडीच्या मागं लागो, त्याची जात बदलत नाही. आणि ती जात माझ्या हाताखालून रोज जाते.

आजकालच्या मोटरसायकलींच्या फोर-स्ट्रोक इंजिनासारखं याच्या पोटात तेल भरून ठेवलेलं नसतं. ऑइल पंप वेगळ्या टाकीतलं तेल सोडतो, ते पेट्रोलबरोबरच आत जातं, क्रँकच्या (पिस्टनच्या हालचालीनं फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगला, पिस्टनला, रिंगांना भिजवतं, आणि बरंचसं जळून धुरावाटे निघून जातं. जे जळत नाही ते सायलेन्सरकडं जातं. तुमच्याकडच्या थंडीत धुराचा पाइप पुरेसा तापतच नाही. मग ते तेल आतल्या पत्र्याला धरतं, काजळीत मिसळून डांबरासारखं होतं, आणि जॉइंटला फट मिळाली की तिथून बाहेर येतं. फोटोत जे दिसतंय ते मला हेच वाटतं.

तरी खात्री करून घे. त्या तेलात बोट बुडवून पांढऱ्या फडक्यावर पूस. काळं, चिकट, धुराचा वास असेल तर ते सायलेन्सरचं. टाकीतल्या तेलासारखंच स्वच्छ आणि त्याच रंगाचं असेल, तर ऑइल पंपाची नळी किंवा तिची क्लिप बघ. तो वेगळा विषय.

आता जॉइंट. मोटरसायकलचा बेंड पाइप सिलिंडरला नट आवळून बसवतात. तुझ्या गाडीचं इंजिन रबरावर बसलेलं असतं, चालताना सारखं हलतं, म्हणून तिथले पुढचे जॉइंट गोळा आणि वाटी अशा घडणीचे असतात आणि ते स्प्रिंगांनी ओढून धरलेले असतात. पाइपला थोडी हालचाल मिळाली नाही तर पत्रा चिरतो. त्यामुळं हे जॉइंट वेल्डिंग करून बंद करायचं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस.

पाइप पूर्ण थंड होऊ दे. स्प्रिंगा काढताना डोळ्यांना चष्मा लाव, हातातून सुटलेली स्प्रिंग डोळाच शोधते. पकडीनं ओढू नकोस, हूकवालं हत्यार घे. काढलेल्या स्प्रिंगा शेजारी शेजारी ठेवून बघ: एखादी इतरांपेक्षा लांब झाली असेल, किंवा आकडा झिजून पातळ झाला असेल, तर सगळ्याच नव्या घाल. बऱ्याचदा गळती ढिल्या स्प्रिंगांमुळंच असते. मग गोळा आणि वाटी तारेच्या ब्रशनं घासून काजळी काढ, ॲसिटोननं पूस, आणि पत्रा उघडा झाला की उजेडात धरून केसासारखी चीर आहे का ते बघ. जॉइंटच्या फटीत बसणारी गॅस्केटची रिंग असेल तर नवीनच टाक. जुनी दाबली गेलेली असते, ती परत बसत नाही.

फट बुजवायला सिलिकॉन लावायचं तर जास्त उष्णता सोसणारं घे आणि गोळ्यावर बारीक रेघेएवढंच लाव. आत लोंबलं तर धुराची वाट अडवतं. शिवाय ते साधारण ३०० अंशांपर्यंतच टिकतं. सिलिंडरजवळचा पाइप जोर लागल्यावर त्याहून जास्त तापतो, तिथं भिस्त गॅस्केटवर आणि स्प्रिंगांवरच. पुढं सायलेन्सरच्या तोंडाशी मात्र सिलिकॉन छान काम देतं. आणखी एक: हे सिलिकॉन हवेतली ओल घेऊन घट्ट होतं. आमच्याकडं आषाढात लावलं तर बघता बघता साय धरतं. तुमच्या हीटर लावलेल्या कोरड्या शेडमध्ये त्याला वेळ लागणार. डबीवर लिहिलाय त्यापेक्षा जास्त वेळ दे, मगच इंजिन चालू कर. आणि चालू करशील ते शेडचं दार सताड उघडून. गळक्या जॉइंटमधून तेलाबरोबर कार्बन मोनॉक्साइडही बाहेर येतो, आणि त्याला ना रंग ना वास.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. "ऑइल पंप थोडा कमी केला तर?" असं तू विचारलंयस. अजिबात करू नकोस. बाजारातल्या एका पोरानं यामाहा आरएक्स हंड्रेडचा, म्हणजे टू-स्ट्रोक मोटरसायकलचा, धूर कमी व्हावा म्हणून पंपाची केबल ढिली केली होती. ओरोसचा चढ चढताना इंजिन सीझ झालं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये धरून बसला. पिस्टन काढला तेव्हा एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे होते, नखाला लागतील इतके खोल, आणि रिंग खाचेतच चेपून बसलेली. इथं गाडी ढकलत घरी आणता येते. तू उणे वीसमध्ये, रस्त्यापासून दूर, गोठलेल्या तळ्यावर असशील. सांध्याशी ओलसर राहिलं तर राहू दे, फडक्यानं पुसून टाक.

जास्तीचं तेल कुठून येतं ते मात्र शोध. चोक पूर्ण मागं जातो का बघ, केबल अडकून तो अर्धवट ओढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त जातं आणि सगळंच ओलं राहतं. पंपावर खूण असते, केबल त्या खुणेशी जुळते का ते कंपनीच्या पुस्तकात बघून तपास. खुणेपेक्षा पंप जास्त उघडा असेल तर खुणेवर आण, तिच्या खाली नको. गाडी उन्हाळाभर उभी होती म्हणालास, तेव्हा टाकीतलं तेल हळूहळू क्रँकमध्ये उतरलेलंही असू शकतं. ते पहिल्या एक-दोन फेऱ्यांत निघून जातं. आणि नुसती अंगणात घुरघुरत ठेवू नकोस. गरम झाली की मोकळ्या जागी नेऊन जरा दमात चालव, पाइप तापू दे. बेल्टवर तेल उडालं असेल तर तोही पूस, नाहीतर घसरेल.

स्प्रिंगा काढल्यावर गोळ्याचा आणि पंपाच्या खुणेचा जवळून फोटो पाठव. गोळा एका बाजूनं झिजून लांबट झाला असेल तर सिलिकॉनवर पैसे घालवू नकोस, तो पाइपच बदलावा लागेल. तसं असेल तर मला फोटोवरून कळेल.

इकडं कलमांना मोहोर बरा आहे, धुकं पडलं नाही म्हणजे मिळवली. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बंदरावरचा मित्र