आभारपत्र: ‘-जी३’ला हात न लावता फ्लॅशमध्ये जागा करून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

उद्यमबागेपासून खानापूर, निपाणीपर्यंत पंपांचे कंट्रोलर बनवणाऱ्या आम्हा मंडळींना तुम्ही मेकफाइल (प्रोग्रॅम बांधायच्या पायऱ्यांची फाइल) आणि लिंकर स्क्रिप्ट (मेमरीत काय कुठे बसवायचं ते सांगणारी फाइल) नीट लावून दिलीत, त्याचे हे जाहीर आभार. तुम्ही शिकवलेलं इथे लिहून ठेवतो, म्हणजे चिक्कोडी-अथणीकडच्या पोरांच्याही कामी येईल.

जागा कमी पडली की आधी ‘-जी’ (डिबगची, म्हणजे चुका शोधायला लागणारी माहिती जोडायला कंपायलरला सांगणारा पर्याय) काढायचा, हे तुम्ही बंद केलंत. कॉम्प्युटरवर तयार होणारी ईएलएफ फाइल कितीही फुगली तरी डिबगची माहिती चिपच्या फ्लॅशमध्ये (प्रोग्रॅम साठवायच्या मेमरीत) चढतच नाही. ‘साइझ’ कमांडमधले टेक्स्ट (कोड) आणि डेटा (व्हेरिएबलची सुरुवातीची मूल्यं) हे आकडे मिळवायचे आणि ती बेरीज आमच्या एसटीएम३२ चिपच्या ६४ केबी फ्लॅशशी ताडायची. म्हणून कोड लहान ठेवणाऱ्या ‘-ओएस’ पर्यायासोबत ‘-जी३’ (‘-जी’चाच सर्वांत सविस्तर प्रकार) कायम. डिबगरमध्ये व्हेरिएबल ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ (कंपायलरने काढून टाकलेलं) दिसलं तर तेवढीच एक फाइल डिबगला सोयीच्या ‘-ओजी’ने कंपाइल करायची, सगळा प्रोग्रॅम तसा केला तर तो मावेलच असं नाही.

खरी जागा खातात ती असर्टची, म्हणजे अट खोटी ठरली की प्रोग्रॅम थांबवणारी वाक्यं. प्रत्येक असर्टमागे अटीचा मजकूर, शिवाय फाइलचं आणि फंक्शनचं नाव, आणि हे सगळं फ्लॅशमध्ये जातं. त्याऐवजी असर्ट फसला की परतीचा पत्ता (कोडमध्ये कुठून कॉल आला ते सांगणारा आकडा) तेवढा साठवायचा, चार बाइट. मळ्यातल्या पेटीला डिबगर लावायला कोण जाणार? शेतकऱ्याने डिस्प्लेवर दिसणाऱ्या या पत्त्याची आठ अक्षरं फोनवर वाचून दाखवली की आमच्या कॉम्प्युटरवरचं ‘ॲडर२लाइन’ हे साधन ईएलएफ बघून फाइल आणि ओळ सांगतं.

यात दोन खाचा आहेत आणि दोन्ही तुम्हीच दाखवल्यात. साठवलेला पत्ता कॉलच्या पुढच्या सूचनेचा असतो, शिवाय थंबमुळे (या चिपच्या आखूड सूचनांच्या संचामुळे) त्याचा शेवटचा बिट १ असतो. त्यातून २ वजा करूनच शोधायचं, नाहीतर कधी शेजारचंच फंक्शन हाती येतं. दुसरी खाच जास्त फसवी आहे. ‘-ओएस’मध्ये कंपायलर एका फंक्शनमधले सारखे दिसणारे कॉल एकत्र करतो, मग पाच असर्टचा पत्ता एकच निघतो. म्हणून हँडलरला (असर्ट फसल्यावर बोलावलं जाणाऱ्या फंक्शनला) ओळ क्रमांकही द्यायचा. २५५पर्यंतच्या ओळीला तो क्रमांक देणारी सूचना २ बाइटची, पुढे साधारण ४ बाइटची. कॉल एकत्र झाले तरी क्रमांक वेगळा राहतो. आमच्या मते तुमच्या सगळ्या शिकवणीत हे सर्वांत मोलाचं.

आणि बिल्ड आयडी. कोणता बिल्ड ते ओळखायला लिंकरने (प्रोग्रॅमचे तुकडे जोडणाऱ्या साधनाने) घातलेली ही २० बाइटची खूण फ्लॅशमध्ये ठेवायची आणि त्याच नावाने मूळ ईएलएफ जपायची. तोच सोर्स पुन्हा बिल्ड करून भागत नाही. कंपायलरची आवृत्ती बदलली की पत्ते हलतात आणि ‘ॲडर२लाइन’ बिनदिक्कत चुकीची ओळ दाखवतं. आता माल बाहेर पडण्याआधी ईएलएफ सर्व्हरवर चढते, ती तुमच्याच मेकफाइलमधल्या दोन ओळींमुळे.

काका, मनापासून आभार.

आपले,
बेळगाव परिसरातले कंट्रोलरवाले