त्या गंजभर भाताबद्दल

नागपूर, 18 मे

प्रिय बाळ्या,

गुरुवारी बाबांनी भात दोनदा मागून घेतला, आणि ताट सरकवल्यावर गंजाच्या कडेची खरवड चमच्याने काढून खाल्ली. ती खरवड पाहिली आणि तू आठवला. फोन लावायला घेतला होता, पण ही गोष्ट फोनवर सांगता येणार नाही म्हणून ठेवून दिला. संक्रांतीपासून तुला एक अक्षर नाही. दोनदा तुझा फोन वाजू दिला, उचलला नाही. राग आला असेल तर बरोबरच आहे.

तब्येती ठीक. बाबांचं बीपी गोळीने ताब्यात आहे, माझी शुगर जेमतेम. हिला चंद्रपूरचं ऊन सोसत नाही, पण बदली काही होऊन नाही राहिली. शनिवारी येते, रविवारी संध्याकाळी जाते.

आता मुद्द्याचं. हिंगण्याची नोकरी गेली. दिवाळीपासून पगार नव्हता, फेब्रुवारीत गेटला कुलूप लागलं. आईच्या आजारपणात एफडी मोडल्या ते तुला माहीत आहे. उरलंसुरलं चिऊच्या शेवटच्या फीमध्ये गेलं. आता हिच्या एका पगारावर दोन घरं आणि फ्लॅटचा हप्ता. मार्चमध्ये स्वयंपाकाच्या मावशींना हात जोडून सांगितलं की आता नाही जमणार. त्या रडल्या, मीही. आणि बाबांना काय सांगितलं? की मी व्हीआरएस घेतली, मावशी गावाला गेल्या, आणि मला बऱ्याच दिवसांपासून स्वयंपाक शिकायची हौस होती. तीन खोटं, एका दमात. आणि कोणासमोर, तर ज्यांनी सगळी नोकरी एजी ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात काढली त्यांच्यासमोर.

पहिला आठवडा खिचडीवर गेला. दुसऱ्या आठवड्यात बाबा काही बोलले नाहीत, पण खिचडी दिसली की पाण्याचा तांब्या जवळ ओढायचे. मग चिऊने फोनवर सांगितलं, "पप्पा, कॅसरोल करा. एकच भांडं, कमी खटपट, घरात असेल ते चालतं." मी म्हटलं, कॅसरोल म्हणजे पोळ्यांचा डबा नं? तुझ्या लग्नात सात आले होते, आठवते का, आणि काकूंनी त्यातले चार पुढच्या चार लग्नांत फिरवले! तर चिऊ म्हणाली की तो फ्रेंच शब्द आहे, दांड्याच्या गंजाचा. भांड्याचं नाव आतल्या पदार्थाला चिकटलं. एक पोटभरीची वस्तू घ्यायची, भात, आलू किंवा मॅकरोनी, एक भाजी, दोघांना धरून ठेवायला दाटसर सॉस, वरून काहीतरी कुरकुरीत. मग सगळं ओव्हनमध्ये.

आणि ओव्हन कोणता, सांग. आईचा! तोच गोल, जर्मनचा, झाकणाला काच असलेला, ज्याच्यासमोर उकिडवा बसून तू नानकटाया मोजायचा. माळ्यावर होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. वायर नवी टाकून घेतली. बुडाशी 750 वॉट कोरलेलं आहे, म्हणजे चाळीस मिनिटांना अर्धं युनिट; हा हिशेब मी पहिल्या दिवशीच केला. या उन्हाळ्यात घरात तो लावणं म्हणजे कूलरशी भांडण, म्हणून गॅलरीत लावतो, नऊ वाजायच्या आत.

पहिलं कॅसरोल दुधीचं केलं. दुधीने इतकं पाणी सोडलं की काचेतून आत तळं दिसत होतं. दुसऱ्यात आलू कच्चे राहिले आणि बूड जळालं. आता कळून राहिलं आहे. दुधी किसून त्याला मीठ लावायचं, पंधरा मिनिटांनी घट्ट पिळायचा, आणि ते पाणी फेकायचं नाही, सॉसमध्ये घालायचं. आलू आधी अर्धे उकडायचे. मॅकरोनी दोन मिनिटं कच्चीच उतरवायची, कारण उरलेलं ती सॉसमधून पिते.

सॉसचं तर तुला सविस्तरच सांगतो. दोन चमचे लोणी, सायीचं, घरचं. ते वितळलं की दोन चमचे मैदा. मंद आचेवर हलवत राहायचं. दीड-दोन मिनिटांनी मैद्याचा कच्चा वास जातो आणि बिस्किटासारखा वास येतो. त्याआधी दूध घातलं तर तो कच्चेपणा शेवटपर्यंत जिभेला लागतो. मग गंज खाली उतरवायचा आणि एक कप दूध घालायचं, पण एकदम नाही. आधी दोन चमचे, घोटायचं. त्याची पेस्ट झाली की आणखी थोडं, पुन्हा घोटायचं. मी पहिल्यांदा सगळं दूध ओतलं तर गुठळ्याच गुठळ्या झाल्या, गाळणीतून गाळलं. आता एक गुठळी होत नाही. पुन्हा गॅसवर ठेवलं की बघता बघता दाट होतं. चमचा बुडवून मागच्या बाजूवर बोट ओढायचं, रेघ तशीच राहिली की झालं. बाळ्या, ती रेघ पहिल्यांदा राहिली त्या दिवशी मी ओट्याजवळ एकटाच उभा होतो आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा मला छातीत मोकळं वाटलं.

गुरुवारी होता रात्रीचा भात. चार वाट्या उरला होता. दुधी, एक कांदा, सॉस, मूठभर कोथिंबीर. वरून ब्रेडच्या कडांचा चुरा आणि फल्लीचा कूट, त्यावर तेलाचे चार थेंब. सगळं मिळून पन्नासच्या आत. काढल्यावर दहा मिनिटं तसंच ठेवलं, नाहीतर वाढताना सांडतं.

बाबांनी नेहमीचं विचारलं, "ताजं आहे नं?"

मी म्हणालो, "हौ बाबा, आत्ताच काढलं."

आमच्या घरी शिळं कधी चाललं नाही, तू पाहिलं आहेच. आई उरलेलं कधी ठेवायचीच नाही. आता वाटतं, तिचं खरं होतं. पंचेचाळीस डिग्रीत, फ्रीज नसताना, भात ठेवायचा कसा? भातातल्या जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. ही भीती मलाही आहे, समोर एक्याऐंशीचा म्हातारा माणूस आहे. म्हणून जेवण झालं की भात परातीत पातळ पसरतो, पंख्याखाली ठेवतो, तासाभरात फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवतो. तिसरा दिवस नाही. त्याबाबत मी पक्का आहे. पण "आत्ताच काढलं" हे खरं असूनही खोटंच आहे नं?

आणि इथे मला महाल भागातली आपली खोली आठवली. 1991, जानेवारी. तू छोट्या लाईनच्या गाडीने नागभीडहून इतवारीला उतरला, खांद्यावर वीस किलोचा कट्टा. तुझ्या बाबांनी शेजारच्या नांदेड गावाहून दादाजी खोब्रागड्यांनी शोधलेल्या धानाचं बी आणलं होतं, त्याचं ते पहिलं पीक. एचएमटी. मी म्हणालो होतो, घड्याळाचं नाव तांदळाला ठेवते का कोणी! तू मनगट पुढे करून म्हणाला, हे बंद पडंल, तो तांदूळ नाही पडत. खरं बोलला. घड्याळाचा कारखाना बंद झाला, छोटी लाईन मोठी करायची म्हणून 2019 च्या नोव्हेंबरात बंद केली, 2018 च्या जूनमध्ये दादाजी गेले. तांदूळ अजून आमच्या डब्यात आहे, किराणावाल्याकडून घेतलेला.

त्या खोलीत तू रात्रीचा भात झाकून ठेवायचा. सकाळी वातीच्या स्टोव्हवर कांदा, मिरची, फल्ली, त्यावर भात दाबून बसवायचा, झाकण घालून बारीक आचेवर, खालून खरवड धरेपर्यंत. मी खरवड खायचो बरं का, भात तुला. आणि त्या दिवशी माझे मित्र येणार होते म्हणून मी तो गंजभर भात गल्लीतल्या गाईपुढे उलटा केला आणि तू आल्यावर म्हणालो, आमच्या घरी शिळं खात नाहीत. तू काही बोलला नाही. गंज उचलला, नळावर नेऊन घासला, तोही माझ्या पाळीचा. अकरा दिवस बोलला नाही. बाराव्या दिवशी माझ्या ताटात भात वाढला आणि आपण कधी तो विषय काढला नाही.

आज काढतो. ते तुझ्या बाबांच्या शेतातलं होतं आणि मला तेव्हाही ते माहीत होतं. माझं चुकलं. पस्तीस वर्षं लागली हे म्हणायला. गुरुवारी उरलेल्या भातावर चमचा दाबताना माझे हात अगदी तुझ्यासारखे चालत होते, म्हणून आज लिहून राहिलो आहे.

(आणि बुधवार बाजारातल्या त्या वांग्यांचे पैसे मीच दिले होते, तू नाही. ते भांडण मी सोडलेलं नाही.)

आता खरी काळजी. गुरुवारी जेवून झाल्यावर बाबा म्हणाले, "चांगलं झालं. पण एवढं दूध, लोणी, वीज. नोकरी सोडल्यावर माणसाने हात आखडता घ्यावा." मी मान हलवली. दुपारी ते झोपले तेव्हा त्यांची हिशेबाची वही टेबलावर उघडी होती. मी वाचायला नको होती, वाचली. गुरुवारच्या तारखेखाली त्यांच्या त्या बारीक, सरळ अक्षरात: "भाजलेला भात, विलायती. खर्च अंदाजे रु. 200. विचारणे." आणि त्याच्या वरच्या पानावर, 2 मे: "मावशी समोरच्या बिल्डिंगमध्ये कामाला. सकाळी 10. गावाला नाहीत. विचारणे."

सोळा दिवस झाले. विचारलेलं नाही.

दोन मेपासून ते माझ्या हातचं जेवून राहिले आहेत, रोज "ताजं आहे नं" विचारून राहिले आहेत, आणि मी रोज हौ म्हणून राहिलो आहे. त्यांना कितपत कळलं आहे? नुसतं मावशींचं, की हिंगण्याचंही? पेन्शनमधले पैसे काढून माझ्या हातात ठेवतील ही मला सगळ्यात मोठी भीती आहे, कारण मग मला ते घ्यावे लागतील. ही म्हणते, सांगून टाक, शनिवारी मी बसते सोबत. पण मला वाटतं, ते विचारतील तेव्हा सांगावं. मग वाटतं, विचारायची वाट मी पाहून राहिलो आहे आणि सांगायची वाट ते.

हे दुसऱ्या कोणाला विचारू? सोसायटीच्या कर्जाचं तू तुझ्या बाबांपासून दोन वर्षं लपवलं, आणि शेवटच्या आठवड्यात तुला कळलं की त्यांना पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. मेडिकल हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून तू मला तेवढंच सांगितलं होतं. पुढे काय झालं, त्यांनी काय म्हटलं, तू काय म्हटलं, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारतो. सांगशील?

धाकटीचं ठरल्याचं काकूंकडून कळलं, आनंद झाला, मुलगा ब्रह्मपुरीचा म्हणजे जवळच. बोअरला पाणी लागलं का? तुझी पाठ कशी आहे, आणि वहिनींना नमस्कार.

रविवारी गोळाभात करणार आहे. एकाच गंजात होतो, भरड्याचे गोळे भातावरच वाफवायचे, वरून हिंगाची फोडणी. आईचा बाबांना आवडायचा. त्या दिवशी ही घरी असेल. सांगितलं तर तेव्हाच सांगेन, फोडणी ओतून झाल्यावर.

तू जूनच्या आधी एकदा ये. पेरणी सुरू झाली की तू हलत नाहीस. येताना पाच किलो घरचा एचएमटी आण, आणि या वेळी पैसे घे, नाहीतर आणू नको. रात्रीचा भात मी झाकून ठेवतो. सकाळी आपण दोघं भाजू, तुझ्या पद्धतीने, गॅसवर.

गंज मी घासेन.

तुझा,
नान्या