लकव्याच्या पेशंटला कसं उचलायचं, हे आम्हाला कोण शिकवणार?

संपादक साहेब, नमस्कार.

29 ऑक्टोबरला पक्षाघात दिन झाला, तेव्हा आपल्या पेपरात लकव्यावर लेख आला होता. साडेचार तासांच्या आत मोठा दवाखाना गाठला तर मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं हे त्यात चांगलं समजावलं होतं, त्याबद्दल आधी आभार, कारण आमच्याकडं अजूनही अंगावरून वारं गेलं म्हणून माणसाला आधी कबुतराचं रक्त चोळायला नेतात आणि ते साडेचार तास तिकडंच जातात.

पण मला त्याच्या पुढचं लिहायचंय. मी लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात 9 वर्षांपासून वॉर्डात मदतनीस आहे, पेशंट मावशी म्हणतात. डॉक्टर राउंडला येऊन जातात, सिस्टर औषधं-सलाईन बघतात, बाकी दिवसभर पेशंटला वळवणं, पुसणं, भरवणं, उठवून बसवणं सगळं आमच्याच हातात. आणि ते कसं करायचं हे कामाला लागताना आम्हाला कोणीच शिकवलेलं नव्हतं.

माझ्याच हातून झालेलं सांगते. सुरुवातीच्या वर्षी एक आजोबा होते, डावी बाजू गेलेली. त्यांना बसवायचं म्हणून मी डावा हात धरून ओढला, सगळ्याजणी तसंच करायच्या. आजोबा ओरडले, "काय करायलीस बाई, हात तुटायलाय माझा!" लुळ्या हाताच्या खांद्याला स्नायूचा आधार राहत नाही, ओढला की सांधा जागेवरून सरकतो, हे मला नंतर फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं. आजोबा डिस्चार्जपर्यंत त्या खांद्यानं कण्हत होते, ते अजून माझ्या डोळ्यापुढून जात नाही.

मग मी त्या मॅडमच्या मागं लागून एकेक गोष्ट शिकून घेतली. दर दोन तासाला कूस बदलायची, नाहीतर माकडहाडावर आणि टाचेवर जखमा होतात. कपडे घालताना लुळा हात आधी आणि काढताना चांगला हात आधी. खुर्ची चांगल्या बाजूला लावायची म्हणजे पेशंट स्वतःच्या पायावर थोडा जोर देतो, बरं व्हायला तोच जोर कामाला येतो. भरवण्याचं तर फारच जपून करावं लागतं. ताठ बसवून, हनुवटी खाली घेऊन, छोटा घास द्यायचा, गिळल्यावर लुळ्या बाजूच्या गालात अन्न अडकलंय का ते बघायचं आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. नातेवाईक प्रेमापोटी झोपवूनच चमच्यानं पाणी पाजतात, ते श्वासनळीत जातं, कधीकधी ठसकासुद्धा लागत नाही आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया.

उजवी बाजू गेलेल्या पुष्कळ पेशंटची वाचा जाते. घरचे म्हणतात, आजी येडी झाली. येडी नसते हो ती, बऱ्याच वेळा तिला आपलं बोलणं कळत असतं फक्त शब्द सापडत नाही. हो-नाही असं विचारावं, आणि उत्तरासाठी थांबावं. एक आजी महिनाभर गप्प होत्या, मी रोज चहा पाहिजे का विचारून थांबायची, एक दिवस त्या "हा" म्हणल्या, लेक तिथंच रडायला लागली.

हे सगळं मला एका मॅडममुळं मिळालं, बाकीच्या बायकांनी कुठं जायचं? डिस्चार्ज झाल्यावर हेच काम घरच्या सुनेवर पडतं आणि निलंग्याच्या पुढच्या खेड्यातून रोज फिजिओथेरपीला लातूरला येणं कोणाला परवडतंय. जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे आमच्यासारख्या वॉर्डातल्या मदतनिसांचा कोर्स आहे, पण आमच्या दवाखान्यातल्या एकीनंही तो केलेला नाही, कामावर असलेल्या बाईला कोण सोडतंय एवढे दिवस.

आता मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज झालंय. तिथल्या फिजिओथेरपीच्या लोकांनी आणि मोठ्या सिस्टरनी आमच्यासारख्या मावशी-मामांची पंधरा-पंधरा दिवसांची बॅच घ्यावी, पुस्तकातून नको, पलंगाशी उभं करून. सोबत घरी सांभाळणाऱ्या सुना-लेकींनाही एक दिवस बसू द्यावं. आणि साहेब, ट्रेनिंगच्या दिवसांचा पगार कापू नये हे तेवढं ठळक छापा, नाहीतर एकही बाई येणार नाही.

आपली वाचक,
वॉर्डातली एक मावशी, लातूर